तीनशे फुटांत पुस्तक कुठे ठेवायचे?

महानगरपालिकांच्या निवडणुका एकदाच्या पार पडल्या. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले, दुसऱ्या दिवशी निकाल लागले, गुलाल उधळला गेला, फटाके फुटले. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती. म्हणजे जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वात श्रीमंत महापालिका लोकांनी निवडून दिलेल्या एकाही नगरसेवकाशिवाय चालली. २०२५-२६ सालचा तब्बल ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प प्रशासकानेच मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. सभागृह नाही, स्थायी समिती नाही, प्रश्न विचारणारा कुणी नाही. राज्यातील इतर शहरांतही थोड्याफार फरकाने हेच घडले. आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. तेव्हा चळवळीने या सभागृहांकडे काय मागायचे, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. पाच वर्षांनी पुन्हा हात जोडून दारात येतील तेव्हा विचारून उपयोग नाही.

निवडणुकीच्या प्रचारात घर होते, पाणी होते, रस्ते होते, मेट्रो होती. पण ग्रंथालय हा शब्द किती वस्त्यांमध्ये, किती सभांमध्ये ऐकू आला? ज्या समाजाचा उद्धारकर्ता जगातील मोठ्या ग्रंथसंग्राहकांपैकी एक होता, ज्याने मुंबईत राहते घर बांधले तेच मुळी पुस्तकांचा विचार करून बांधले, त्या समाजाच्या वस्तीत मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला 'आमच्या वॉर्डात वाचनालय कुठे आहे?' असे कुणी विचारले का? घराचा प्रश्न आणि ग्रंथालयाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे आपण समजून चाललो आहोत. हा समज चुकीचा आहे. आज ज्या वेगाने आपल्या वस्त्या पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत, ते पाहता पुढच्या दहा वर्षांत हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सुटतील, नाहीतर एकाच वेळी कायमचे हातचे जातील.

नगरपालिकेच्या कारभाराकडे आपल्याकडे गटार, दिवाबत्ती आणि टेंडर यांचा कारभार म्हणून पाहिले जाते. चळवळीच्या मोठ्या प्रश्नांपुढे हा प्रश्न किरकोळ, असे कार्यकर्तेही बोलून दाखवतात. त्यांनी महाड आठवावे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या आणि चालवल्या जाणाऱ्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने या साऱ्या सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यांना मुक्त प्रवेश असावा, असा तो ठराव. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, इतिवृत्तात नोंदला गेला आणि तळे होते तसेच बंद राहिले! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चालत गेली, तेव्हा कुठे त्या ठरावाचा अर्थ जगाला कळला. आणि त्यानंतर काय झाले? त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. पुढे कोर्टकचेरी झाली आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडावे लागले.

ज्या लढ्याला आपण मानवमुक्तीचा लढा म्हणतो, त्याची ठिणगी एका लहान गावच्या नगरपालिकेच्या ठरावावर पडली होती. त्यातून तीन धडे मिळतात. ठराव झाला म्हणजे काम झाले असे नाही. झालेला ठराव मागेही घेतला जाऊ शकतो. आणि नगरपालिकेत कोण बसले आहे, यावर तळ्याचे पाणी कुणाच्या ओंजळीत जाणार हे ठरते. म्हणूनच स्थानिक स्वराज्य आले की न्याय आपोआप येईल, असे बाबासाहेबांनी कधीही मानले नाही. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतीचे विधेयक आले, तेव्हा अस्पृश्यांना त्यात प्रतिनिधित्व कुठे आहे, हाच सवाल त्यांनी केला होता. तो सवाल आजही जिवंत आहे. फक्त तळ्याच्या जागी आता भूखंड, चटईक्षेत्र आणि सार्वजनिक सुविधांच्या खोल्या आल्या आहेत.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. मुंबई महापालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्याने चालतो, राज्यातील बाकीच्या महापालिकांचा १९४९ च्या कायद्याने. या दोन्ही कायद्यांत महापालिकेच्या कामांचे दोन भाग केले आहेत. एक बंधनकारक कामे, म्हणजे करावीच लागतात अशी. दुसरी ऐच्छिक कामे, म्हणजे वाटले तर करायची. पाणी, गटार, रस्ते, प्राथमिक शिक्षण, स्मशानभूमी ही कामे पहिल्या यादीत. ग्रंथालय दुसऱ्या यादीत! म्हणजे एखाद्या महापालिकेने एकही ग्रंथालय चालवले नाही, तरी तिने कायदा मोडला असे होत नाही. ग्रंथालय चालवणे हा नगरसेवकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मर्जीचा मामला ठरतो, आणि मर्जी कुणावर होते हे आपल्याला सांगायला नको.

याहून आश्चर्याची गोष्ट संविधानात आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यातील २९ विषयांत ग्रंथालय हा स्वतंत्र विषय आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी बारावी अनुसूची आली. तिच्यात १८ विषय आहेत. झोपडपट्टी सुधारणा आहे, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आहे, वाहनतळ आहेत, बसथांबे आहेत, कोंडवाडे आहेत, कत्तलखाने आहेत. ग्रंथालय मात्र नावाने कुठेही नाही. सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना चालना, एवढ्या मोघम शब्दांत ते कुठेतरी गृहीत धरायचे! खेड्यातल्या माणसाला ग्रंथालय लागते आणि शहरातल्या झोपडपट्टीतल्या माणसाला लागत नाही, असे घटनादुरुस्ती करणाऱ्यांना वाटले की काय?

राज्याचा कायदा तरी काय करतो? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्यानुसार ग्रंथालय संचालनालय आले. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. खाजगी संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. पण ज्याला ग्रंथालय उपकर म्हणतात, तो या कायद्यात नाही. तामिळनाडूने, कर्नाटकाने, आंध्रने मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर घेण्याची सोय केली. तिथे ग्रंथालयाचा पैसा ग्रंथालयासाठीच गोळा होतो. महाराष्ट्रात ग्रंथालय सरकारच्या अनुदानावर जगते, आणि अनुदान ही सवलत असते, हक्क नसतो. शिवाय अनुदान मिळवायचे तर आधी संस्था नोंदवलेली हवी, जागा हवी, पुस्तके हवीत, हिशेब तपासलेले हवेत. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाडे होते, देणगीदार होते, त्यांची ग्रंथालये शतक पार करून गेली. ज्यांच्याकडे राहायलाच जागा नव्हती, त्यांनी ग्रंथालयाला जागा कुठून आणायची? कायदा सर्वांना सारखा असला तरी जागा सर्वांकडे सारखी नाही, हे या महाराष्ट्रात कुणी बोलत नाही. ज्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठवले, त्यांनी १९१० पासून आपल्या बडोदा संस्थानात गावोगाव मोफत वाचनालये उभी केली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत पाठवल्या. एका संस्थानिकाला शंभर वर्षांपूर्वी जे सुचले, ते ७४ हजार कोटींच्या महापालिकेला सुचू नये!

जागा नसली की काय होते, हे बाबासाहेबांच्या चरित्रातच लिहिलेले आहे. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. विद्यार्थी भीमराव लवकर झोपत आणि मध्यरात्रीनंतर उठून अभ्यासाला बसत, कारण घर निजलेले असे तेवढीच वेळ त्यांची होती. शाळा सुटल्यावर ते चर्नीरोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली आणि १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. एका सार्वजनिक बागेतील बाकाने या देशाला काय दिले, याचा हिशेब कोणत्या अर्थसंकल्पात मांडता येईल? पुढे परदेशांतील सर्वोच्च पदव्या घेऊन आल्यावरही बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत राहिले. तिथून ते १९३० च्या दशकात हिंदू कॉलनीतील 'राजगृहा'त गेले, ते पुस्तकांना घर मिळावे म्हणून. आणि जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने काय होते? वाचनालये काढणे, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग चालवणे. चवदार तळ्याच्या तीन वर्षे आधी! चळवळीच्या पहिल्याच संस्थेच्या पहिल्या कामांत वाचनालय होते, हे आपण विसरलो आहोत.

आज आपल्या वस्त्यांमध्ये काय चालले आहे? १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. सुरुवातीला २२५ चौरस फुटांचे घर होते, २००८ मध्ये ते २६९ झाले आणि २०१८ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ते ३०० फुटांवर आले. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींत १६० फुटांच्या खोल्यांमध्ये शंभर वर्षे काढलेल्या माणसांना ५०० फुटांची घरे मिळू लागली आहेत. वरळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. सफाई कामगारांच्या वसाहतींचा पुनर्विकास महापालिकेने आश्रय योजनेतून हाती घेतला आहे. आणि घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात, जिथे ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबाराने दहा भीमसैनिकांचा बळी घेतला, तिथे एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून सोळा हजारांहून अधिक कुटुंबांचे पुनर्वसन करणार आहेत. घरे मिळत आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पावसात गळणारा पत्रा आणि सामायिक संडास यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्यांनी तो पत्रा सोसला त्यांना पक्के घर मिळालेच पाहिजे, आणि तेही लवकर.

परंतु त्या पत्र्याच्या वस्तीत काय काय होते, याची नोंद कुणी ठेवली आहे का? गल्लीच्या टोकाला बुद्धविहार होते. विहारात संध्याकाळी बालवर्ग भरत होता, रात्री दहावी-बारावीची मुले दिव्याखाली बसत होती. एका कपाटात समग्र वाङ्मयाचे खंड होते, स्पर्धा परीक्षांची पुस्तके होती, रोजचे वर्तमानपत्र येत होते. कुठल्या तरुण मंडळाने वर्गणी काढून पंखा बसवला होता. कागदोपत्री ते ग्रंथालय नव्हते, त्याला अनुदान नव्हते, त्याचा कोणता वर्ग नव्हता. पण या वस्त्यांमधून जे शिक्षक झाले, बँकेत लागले, फौजदार झाले, वकील झाले, त्यांना विचारा, ते कुठे बसून शिकले. पुनर्विकासात घराच्या बदल्यात घर मिळते, दुकानाच्या बदल्यात दुकान मिळते. त्या कपाटाच्या बदल्यात काय मिळते?

आपल्या सामूहिक जागांच्या बाबतीत अनुभव काय आहे? २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडण्यात आले; जिथे बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना होता, ती वास्तू बुलडोझरखाली गेली. २०२१ मध्ये, कोरोनाने माणसे घरात कोंडलेली असताना, नागपूरच्या अंबाझरी येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन जमीनदोस्त झाले आणि पुढे महिलांना धरणे धरून बसावे लागले. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरील भूमिगत पार्किंगचे काम हजारो अनुयायांनी धडक देऊन रोखले. या तिन्ही ठिकाणी जनता रस्त्यावर आली, कारण नावे मोठी होती. पण गल्लीतल्या विहारातील कपाट हलवले गेले, तर त्यासाठी मोर्चा निघत नाही. ते एका टेम्पोत जाते आणि पुन्हा दिसत नाही.

नियम काहीच देत नाहीत असे मात्र नाही, आणि हीच गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावी. मुंबईच्या २०३४ च्या नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी ३३ (१०) हा विनियम आहे. त्यात दर अडीचशे कुटुंबांमागे बालवाडी, कल्याण केंद्र आणि आणखी काही सुविधा बांधून देण्याची अट आहे. त्या सुविधांच्या यादीत आरोग्य केंद्र आहे, अंगणवाडी आहे, कौशल्य विकास केंद्र आहे, महिला उद्योजकता केंद्र आहे आणि 'युवा केंद्र किंवा वाचनालय' हेही आहे. एकेका सुविधेचे क्षेत्र २५ चौरस मीटर. हे बांधकाम चटईक्षेत्रात धरले जात नाही, म्हणजे ते बांधून दिल्याने विकासकाच्या विक्रीच्या हिश्श्यातला एक फूटही कमी होत नाही. तरीही वाचनालय बांधलेच पाहिजे असे नाही. यादीतल्या कोणत्या सुविधा घ्यायच्या याची निवड असते. ही निवड नकाशा तयार होतानाच होऊन जाते. त्या वेळी सोसायटीची कमिटी सह्या करण्यात गुंतलेली असते आणि लोकांचे सारे लक्ष परिशिष्ट-२ मध्ये आपले नाव पात्र ठरले की नाही, याकडे लागलेले असते. विकासकाला वाचनालयाचे प्रेम असण्याचे कारण नाही. मागणाराच नसेल, तर देणारा कशाला देईल?

ज्या इमारतींत या खोल्या बांधल्या गेल्या, तिथे त्यांचे काय झाले हे एकदा फिरून पाहावे. कुठे कुलूप आहे, कुठे राजकीय पक्षाचे संपर्क कार्यालय आहे, कुठे गोदाम आहे, कुठे सोसायटीच्या मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. गैरवापर झाला तर सक्षम प्राधिकरणाने ती जागा ताब्यात घेऊन सार्वजनिक उपयोगासाठी दुसऱ्या संस्थेला द्यावी, असे नियमच सांगतो. पण ताब्यात घेण्यासाठी तक्रार लागते. आणि दोष सगळा सोसायटीचाही नाही. लिफ्टचे बिल, पाण्याचा पंप, देखभाल खर्च यांनीच पुनर्वसित कुटुंबांचे कंबरडे मोडलेले असते. त्यांनी ग्रंथपालाचा पगार आणि वर्तमानपत्रांचे बिल कुठून द्यायचे? खोली बांधून दिली म्हणजे वाचनालय झाले, हे म्हणणे तळे आहे म्हणजे पाणी मिळाले, असे म्हणण्यासारखे आहे.

रमाबाई नगराचेच उदाहरण घेऊ. याच नियमाने मोजले, तर सोळा हजार कुटुंबांमागे एका प्रकारच्या सुविधेच्या ६४ खोल्या होतात. प्रत्येकी २५ चौरस मीटर धरले, तर १६०० चौरस मीटर जागा होते. त्यातली निम्मी जरी एकत्र आणली, तरी साडेआठ हजार चौरस फुटांचे एक भव्य ग्रंथालय आणि अभ्यासिका उभी राहू शकते. उरलेल्या निम्म्या खोल्या इमारतीइमारतींत लहान मुलांच्या वाचनासाठी ठेवता येतात. ज्या भूमीवर दहा जणांचे रक्त सांडले, तिथे शहीदांच्या नावाने याहून योग्य स्मारक कोणते असेल? पण हे नकाशे पक्के होण्याआधी मागावे लागेल. टॉवर उभा राहिल्यावर भिंती सरकत नाहीत.

दुसरा धोका आरक्षणांचा. विकास आराखड्यात ग्रंथालयासाठी, समाजकेंद्रासाठी भूखंड राखून ठेवलेले असतात. नगररचना कायदा १९६६ सालचा. त्याच्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते आणि भूखंड मालकाला मोकळा होतो. म्हणजे काहीही बेकायदेशीर न करता, फक्त हातावर हात ठेवून बसले तरी ग्रंथालय गायब होते! नोकरीतील आरक्षणावर घाला आला की आपण पेटून उठतो, आणि उठलेच पाहिजे. पण आपल्या वॉर्डात जमिनीची किती आरक्षणे आहेत, त्यातली किती संपादित झाली, कोणती रद्द होण्याच्या वाटेवर आहेत, हे किती जणांनी माहितीच्या अधिकारात विचारले?

काही शहाणे म्हणतील, आता ग्रंथालये कोण वापरतो, सारे काही मोबाईलवर मिळते. त्यांना विचारा, मग शहराशहरांत खाजगी अभ्यासिकांचे पेव का फुटले आहे? दरमहा फी भरून, एका खुर्चीच्या जागेसाठी मुले रांग का लावतात? कारण मोबाईलवर पुस्तक मिळते, शांतता मिळत नाही. तीनशे फुटांच्या घरात सहा माणसे, एक टीव्ही, एक आजारी म्हातारी आणि एक तान्हे मूल असेल, तर परीक्षा देणाऱ्या मुलीने कुठे बसायचे? मुलगा निदान बाहेर बाकावर, पुलाखाली, स्टेशनवर जाऊन बसेल. मुलीला तीही मोकळीक नाही. ज्याच्या घरात स्वतंत्र खोली आहे त्याला ग्रंथालय ही चैन वाटेल. आपल्या मुलामुलींसाठी ती घराचीच राहिलेली खोली आहे. तेव्हा आधी घर, मग ग्रंथालय, हा क्रमच चुकीचा आहे. घराच्या नकाशातच ग्रंथालय असले पाहिजे.

आता थोडे आपल्याविषयी. नगरसेवक निधीतून वस्तीसाठी काय मागितले जाते? कमान, चौथरा, नामफलक, समाजमंदिराला टाइल्स. महापुरुषांचे पुतळे आपल्या अस्मितेची निशाणी आहेत, त्याविषयी वाद नाही. परंतु पुतळ्याच्या हातात जे पुस्तक आहे, ते वाचायला वस्तीत जागा नसेल, तर त्या हाताचा अर्थ काय उरतो? दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल ओसंडून वाहतात. अंगावर धड कपडा नसलेला माणूस पोटाला चिमटा काढून पुस्तक विकत घेतो, हे दृश्य जगात दुसरीकडे क्वचितच दिसेल. ती पुस्तके घरी जातात आणि पलंगाखालच्या पेटीत बंद होतात, कारण भिंतीला फळी ठोकायलाही जागा नसते. पुस्तके विकत घेणारा समाज पुस्तकांचे सार्वजनिक घर मागत नाही, ही विसंगती आता संपली पाहिजे.

मग करायचे काय? प्रत्येक पुनर्विकास प्रकल्पात, सोसायटीच्या पहिल्या सर्वसाधारण सभेतच, वाचनालय आणि अभ्यासिका ही निवडलेली सुविधा असेल, असा ठराव लेखी करून घ्यावा आणि तो विकासकाबरोबरच्या करारात घालावा. विहारातील वाचनालयाची नोंद वस्तीच्या सर्वेक्षणात आणि परिशिष्ट-२ मध्ये झाली आहे की नाही, हे तपासावे. नसेल तर हरकत नोंदवावी. विहाराच्या विश्वस्तांनी वाचनालयाची रीतसर संस्था नोंदवावी, पुस्तकांची दाखलनोंद ठेवावी, म्हणजे उद्या त्याचे अस्तित्व कुणाला नाकारता येणार नाही आणि अनुदानासाठी पात्र होण्याचा मार्गही मोकळा होईल. महापालिका-नगरपालिकांनी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा, असा दंडक आहे. त्यातला किती खर्च झाला आणि किती दुसरीकडे वळवला गेला, याचा हिशेब वॉर्डनिहाय मागावा आणि त्यातून ग्रंथपालाचा पगार, वीज आणि पुस्तके यांची तरतूद करून घ्यावी. २००९ मध्ये महापालिकांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे. ती सभा भरवा, अशी मागणी प्रत्येक प्रभागातून गेली पाहिजे.

राज्य सरकारकडेही दोन मागण्या स्पष्टपणे केल्या पाहिजेत. ग्रंथालय हे महापालिकांचे बंधनकारक काम ठरवणारी कायदा दुरुस्ती, आणि पुनर्वसनाच्या नियमावलीत वाचनालय हे पर्यायाच्या यादीतून काढून बालवाडीच्या बरोबरीने सक्तीच्या यादीत टाकणे. दुसरीसाठी तिजोरीतून एक पैसाही लागत नाही. लागते ती फक्त इच्छा, आणि ती इच्छा निर्माण करणारा दबाव.

हा दबाव सभागृहात कोण आणणार? मुंबईच्या २२७ जागांपैकी १५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. इतर शहरांतही लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आहेत. त्यांवर निवडून आलेले बंधू-भगिनी कोणत्याही पक्षाचे असोत, ते संविधानाने दिलेल्या जागेवर बसले आहेत, पक्षश्रेष्ठींच्या मेहेरबानीवर नव्हे. त्यांनी पहिल्याच वर्षी आपल्या प्रभागातील ग्रंथालयांचा आणि आरक्षित भूखंडांचा प्रश्न सभागृहात मांडावा. पक्षाने व्हीप काढला म्हणून गप्प बसणार असतील, तर पुणे कराराने आपल्या वाट्याला कसले प्रतिनिधी आले, हा बाबासाहेबांचा सल त्यांनी स्वतःच खरा करून दाखवला, असे म्हणावे लागेल. आणि त्यांना निवडून देणाऱ्यांनीही सत्कार आणि शाल-श्रीफळ पुरे करून, हातात अर्थसंकल्पाचे पुस्तक घेऊन त्यांच्या दारात जावे.

महाडच्या नगरपालिकेचा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता. तो वाचणारा आणि तळ्याकडे निघणारा नेता भेटला म्हणून इतिहास घडला. आज नियमावलीच्या पानांवर वाचनालय लिहिलेले आहे. ते वाचणारे कार्यकर्ते वस्तीवस्तीत उभे राहिले पाहिजेत. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक जयंती मंडळाने डीजेच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढून आपल्या प्रभागाचा विकास आराखडा आणि अर्थसंकल्प मिळवावा, विहारात बसून तो मोठ्याने वाचावा आणि त्यातून निघणारे पहिले निवेदन वॉर्ड ऑफिसात नेऊन द्यावे. पोचपावती मात्र घ्यायला विसरू नये. जयभीम!